काळ्या गोळ्यांची तपासणी

माझ्या वडिलांचं पोट दुखायचं आणि डॉक्टर त्यांना तिखट कमी खा म्हणून सांगायचे. कितीतरी वर्षं हेच चाललं. आम्ही लंडनमध्ये ईलिंगला राहायचो. मी शाळेत होते तेव्हापासून बाबांबरोबर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायचे. बाबांना इंग्रजी येत होतं. बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीपुढे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती, युनियनच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचे. पण दुखणं इंग्रजीत सांगताना त्यांची जीभ अडखळायची.

"सांग त्यायले, उपाशीपोटी कुरतडल्यासारखं होते. दोन घास खाल्ले की थांबते."

मी ते इंग्रजीत सांगायचे. डॉक्टर पेन खाली न ठेवता, बाबांकडे न बघता मला विचारायचे, "घरी करी फार होते का तुम्हा लोकांकडे?"

तुम्हा लोकांकडे. हे दोन शब्द मी शाळकरी वयात ऐकले, कॉलेजात ऐकले आणि नोकरीला लागल्यावरही ऐकले. दर वेळी चुन्यासारख्या पांढऱ्या औषधाची बाटली घेऊन आम्ही घरी यायचो. पुढे नव्या गोळ्या आल्या. त्या चालू असेपर्यंत बरं वाटायचं, बंद केल्या की पुन्हा तेच. आई गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला आणि मी मिरची घरातून हद्दपार केली. नागपूरकडचा माणूस, ज्याला भाकरीबरोबर ठेचा नसेल तर जेवल्यासारखं वाटायचं नाही, तो वर्षानुवर्षं फिकं वरण आणि मऊ भात खात राहिला. पोट दुखायचं ते दुखायचंच. पुन्हा गेलो की डॉक्टरांचा प्रश्न तोच. आम्ही तिखट सोडलंय यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

बाबा दीक्षा घेतलेल्या पिढीतले. त्या काळी आमच्या लोकांचा स्वतःचा विहार जवळपास नव्हता, म्हणून आम्ही काही मराठी कुटुंबं रविवारी एका थाई विहारात जायचो. बुद्ध तोच, पाली तीच, फक्त उच्चार वेगळे. 'बुद्धं सरणं' म्हणताना त्यांचा सूर वर जायचा, आमचा खाली यायचा, आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. वंदनेनंतर थाई बायका भिक्खूंसाठी आणलेलं जेवण मांडायच्या, मग आम्हा सगळ्यांना वाढायच्या.

त्यांच्यात वॉटफर्डला राहणारी एक बाई होती. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची, नवरा इंग्रज होता, तो वारला होता. सगळे तिला 'पी' म्हणायचे. त्यांच्या भाषेत पी म्हणजे ताई. मीही पीच म्हणायला लागले. बाबा जेवताना पोटावर हात ठेवतात हे तिच्या लक्षात आलं आणि पुढच्या रविवारी ती एका बरणीत पिवळट पूड घेऊन आली. हळद, कुलिंजन आणि बोटांसारखी दिसणारी कसलीशी मुळं. सगळं रेडिएटरवर सुकवून तिने घरीच कुटलं होतं.

बाबांनी वास घेतला आणि हसले. "अवो, हे तर कुलिंजन. आमच्याकडे खोकल्यावर चघळतात."

ती पूड ते कोमट पाण्याबरोबर घ्यायला लागले. पोटातले वारे कमी झाले, दुखणं मात्र गेलं नाही. मग पी त्यांच्यासाठी काळ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. मिरीच्या दाण्याएवढ्या, गोल, हाताने वळल्यासारख्या गोळ्या. पाकिटावर एका दाढीवाल्या वैद्याचं चित्र होतं आणि सगळा मजकूर थाई भाषेत. मी विचारलं, यात काय आहे? तिने बोट ठेवून वाचून दाखवलं: मिरी, सुंठ, कुलिंजन, पिंपळी. "आमच्या गावाकडे सगळे घेतात," ती म्हणाली. "पोटाला, पाठीला, सगळ्याला."

आठवडाभरात बाबा बदलले. त्यांना भूक लागायला लागली. भट्टीपुढे उभं राहून कामातून गेलेले गुडघे दुखायचे थांबले. जिन्यावरून खाली येताना कठड्याला हात न लावता यायला लागले. "पोरी, इतक्या वर्षांत हे कोणी दिलं नाही मले," ते म्हणायचे. विहारातले लोक म्हणायचे, काका, तब्येत सुधारली. चेहरा भरला होता. पी पाकिटं आणत राहिली, आणि पुढच्या काही महिन्यांत चेहरा फारच भरला, चंद्रासारखा गोल झाला. दंडांवर काळेनिळे डाग यायला लागले. कुठे लागलं म्हणून विचारलं की म्हणायचे, आठवत नाही.

मग एका सकाळी ते बाथरूममध्ये पडले. शी डांबरासारखी काळी झाली होती.

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पोटात कॅमेरा घातला. अल्सर होता आणि त्यातून रक्त वाहत होतं. ते थांबवलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आपला ताफा घेऊन राऊंडला आले. मी काळ्या गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोन बोटांत उचललं, मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तसं.

"हे काय? जादूटोणा?"

ताफा हसला. बाबाही कसंनुसं हसले. लोक आपल्याला हसतात तेव्हा आपणही हसून घ्यावं, म्हणजे कमी लागतं, हे ते या देशात शिकले होते. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून माझी कानशिलं तापतात.

"आजपासून हे बंद," डॉक्टर म्हणाले.

"यात काय आहे ते तपासून घेता का?" मी विचारलं.

"झाडपाला आहे. झाडपाल्यात काय तपासायचं?"

मी त्यांना सांगितलं की मी दुसऱ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हेच काम करते. बेशुद्ध पेशंटच्या रक्तात, लघवीत कोणतं औषध आहे हे शोधून काढणं ही माझी रोजची नोकरी आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पलंगाकडे गेले. पाकीट त्यांनी बाबांच्या पायांवर टाकलं होतं. मी ते पर्समध्ये घातलं.

रक्त थांबलं होतं, पण बाबा खचत चालले. खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. बीपी वर येईना. मी हाक मारली की डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. पुन्हा रक्त जातंय का म्हणून परत कॅमेरा घातला. जखम कोरडी होती. एक डॉक्टर म्हणाले, वय झालंय. दुसरे म्हणाले, निराश झालेत बहुतेक, या पेशंट्सना घरचं जेवण लागतं. मी पलंगाशेजारी बसून त्यांच्या दंडावरचे डाग बघत होते. गोल चेहरा, कागदासारखी पातळ कातडी, अचानक आलेली भूक, न दुखणारे गुडघे. हे सगळं मी मनात एकापुढे एक मांडलं आणि पर्समधलं पाकीट बाहेर काढलं. असं सगळं एका औषधाने होतं, आणि ते औषध झाडाला लागत नाही.

मी थेट माझ्या लॅबमध्ये गेले आणि आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं.

"पेशंट आपला नाही," ते म्हणाले. "रिक्वेस्ट फॉर्म नाही. आणि असला पाला माझ्या मशीनमध्ये घालून मला त्याची नळी तुंबवून घ्यायची नाही."

"मग मी प्लेटवर बघते. त्याला मशीन लागत नाही."

"मी नाही म्हणालोय."

"ऐकलं मी."

माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. दुपारची जेवणाची वेळ होती. मी त्यांच्या काचेच्या दारासमोरच्याच टेबलावर बसले. चोरून काही करायचं नव्हतं. खलात गोळ्या कुटल्या. मिरीचा, कुलिंजनाचा वास आला, खरा, खणखणीत. या गोळ्यांत काही खोटं असेल असं कुणाच्या नाकाला कळलं नसतं. ती कुटलेली भुकटी सॉल्व्हंटमध्ये विरघळवली आणि काचेच्या प्लेटवर तळाशी तिचा एक थेंब ठेवला. शेजारी आमच्या कपाटातल्या ओळखीच्या औषधांचे थेंब ठेवले, आणि अगदी कडेला पीच्या घरच्या पुडीचा. प्लेट सॉल्व्हंटमध्ये उभी केली की तो वर चढतो आणि प्रत्येक पदार्थाला आपापल्या उंचीवर नेऊन सोडतो. मग ती दिव्याखाली धरायची.

मी धरली. झाडपाल्याचा पिवळाहिरवा पट्टा वरपर्यंत ओघळला होता. त्याच्यातच दोन ठिपके होते, स्पष्ट. एक अगदी शेजारच्या स्टेरॉइडच्या ठिपक्याएवढ्याच उंचीवर. दुसरा एका जुन्या वेदनाशामकाच्या उंचीवर. ते औषध इथे माणसांना देणं जवळपास बंद झालं होतं, घोड्यांना मात्र अजून देत. पोटात अल्सर असलेल्या माणसाला दोन्ही म्हणजे सरळ विष. पीच्या पुडीच्या रांगेत मात्र हळद आणि कुलिंजन यांच्याखेरीज काहीच नव्हतं.

प्लेट तशीच हातात धरून मी वॉर्डला फोन लावला. एक ज्युनियर डॉक्टर मुलगी फोनवर आली. मी सांगितलं, माझे वडील कित्येक महिने रोज स्टेरॉइड घेत होते आणि तुम्ही ते एका झटक्यात बंद केलंय. मग ती म्हणाली, "अरे देवा," आणि फोन न ठेवताच पळाली. रिसीव्हरमधून तिच्या बुटांचा आवाज मला ऐकू येत होता.

स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं सोडून देतं. मग ते अचानक तोडलं तर माणूस कोसळतो, मरूही शकतो. हे आमच्या क्षेत्रात पहिल्या वर्षी शिकवतात. बाबा त्या गोळ्यांनी आजारी पडले होते, आणि 'आजपासून बंद' या हुकमाने मरायला टेकले होते. त्या मुलीने इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मी पोचले तर बाबा उशीला टेकून बसले होते.

"एवढा गोड चहा कायले देतात गं हे?" ते म्हणाले.

मी वॉर्डच्या टॉयलेटमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि भिंतीवर मुठी आपटल्या. रडू आलं नाही. भिंत टाइल्सची होती, हात सुजला.

त्याच मुलीने पोटातल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवला होता. त्यात जंतू सापडला. अल्सर बहुतेक वेळा जंतूमुळे होतो हे तोवर डॉक्टरांच्या मासिकांतून पुष्कळ छापून आलं होतं. बाबांना अँटिबायोटिक दिली, थोड्या दिवसांची. आणि माझं अख्खं लहानपण व्यापून उरलेलं ते दुखणं गेलं. थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी! त्यांनी किती वर्षं फिका भात गिळला ते मी मोजायला बसले नाही, डोकं फिरलं असतं.

पी वॉर्डमध्ये आली ती हात जोडूनच. मी तिच्यावर ओरडायच्या तयारीत होते. शब्दही जुळवून ठेवले होते. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बाबांना नमस्कार करत होती, आणि तिच्या कोटाची बाही वर सरकली. मनगटावर काळेनिळे डाग होते.

"तूही घेतेस?" मी विचारलं.

"पाठीसाठी," ती म्हणाली. "खूप दिवस झाले. पण आता बंद करते, आजच. शपथ."

"नाही!" मी एवढ्याने ओरडले की नर्स धावत आली. "आज बंद करायच्या नाहीत!"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून वॉटफर्डला गेले आणि तिला घेऊन तिच्या जीपीकडे गेले. त्यांनीही ऐकून घेतलं आणि तेच म्हणाले, "मग फेकून द्या त्या गोळ्या." मी खुर्चीवरून उठले नाही. बाबांचं काय झालं ते सांगितलं, प्लेटवर काय दिसलं ते सांगितलं. हिला हळूहळू, मोजून-मापून कमी करत न्यायला हवं, ते तुम्ही लिहून देईपर्यंत मी इथून हलणार नाही, असंही सांगितलं. बाहेर लोक खोळंबले होते. त्यांनी शेवटी हॉस्पिटलला फोन लावला, तिथल्या कुणीतरी माझंच म्हणणं त्यांना ऐकवलं, आणि मग ते पटलं. पुरुषाच्या आवाजात फोनवरून आलेलं पटलं.

तिथून आम्ही दोघी, पी जिथून गोळ्या घ्यायची त्या थाई दुकानात गेलो. दुकानदार भला दिसणारा म्हातारा होता. पी त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागली. आधी हळू, मग तिचा आवाज चढत गेला. तिला मी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. तो खांदे उडवून मला इंग्रजीत म्हणाला, "मी बनवत नाही. खोकी येतात. खोक्यावर झाडपाला लिहिलंय, मी झाडपाला म्हणून विकतो."

"माणूस मरत होता माझा," मी म्हणाले.

"पण आधी बरं वाटलं ना त्यांना?" तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. तेच तर भयंकर होतं. ज्यांनी ते मिसळलं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं की गरिबाला बरं वाटलं की तो पाकीट उलटून बघत नाही. आजीच्या औषधाचा वास, वैद्याचं चित्र, आणि आत कारखान्यातली पावडर. मी काउन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, कळवलं. त्यांची माणसं आली, खोकी उचलून नेली.

बाबांना घरी आणल्यावर ते काठी घेऊन चालायला लागले. स्टेरॉइडने खुब्याचं हाड पोखरलं होतं, ते पुढे बदलावं लागलं. चालता यायला लागल्याबरोबर त्यांनी जीपीकडे जायचं काढलं. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाले, चल.

या वेळी त्यांनी मला बोलू दिलं नाही. आपल्या अडखळत्या इंग्रजीत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, माझ्या पोटात जंतू होता. तुम्ही इतकी वर्षं तिखट म्हणालात.

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं," बाबा म्हणाले. "माझं जेवण वाईट आहे असं कायले सांगितलं?" 'कायले' त्यांच्या तोंडून मराठीतच गेलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही. त्यांना समजलं होतं.

पुढच्या काही महिन्यांत बाबांची केस गाजली. आमच्या विभागप्रमुखांनी तोवर प्लेटवर दिसलेलं मशीनवर पडताळून घेतलं होतं आणि ते 'आपल्या लॅबने शोधलं' म्हणायला लागले होते. बाबांच्या हॉस्पिटलमध्ये त्या मोठ्या डॉक्टरांनी या केसवर भाषण दिलं. विभागप्रमुख मला बरोबर घेऊन गेले. पडद्यावर शीर्षक होतं 'आशियाई वनौषधींचे धोके'. खाली दोन फोटो शेजारी-शेजारी: काळ्या गोळ्या आणि पीची पिवळी पूड. पूड मी दिली होती, तुलनेसाठी. त्यांनी ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली होती.

प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभी राहिले. मी म्हटलं, "दुसऱ्या फोटोतल्या पुडीत धोकादायक काही सापडलेलं नाही. ती तपासणी मी केली आहे. पहिल्या फोटोत जे विष आहे ते वनौषधी नाही, ते आपलंच औषध आहे, कारखान्यात बनलेलं. आणि पेशंट कोसळला तो वनौषधीने नाही. गोळ्यांत काय आहे ते न तपासता त्या बंद केल्या, म्हणून कोसळला."

"मग या पुडीने अल्सर बरा होतो असं तुमचं म्हणणं आहे का?" मोठ्या डॉक्टरांनी हसून विचारलं.

"नाही. आमच्या मायक्रोबायॉलॉजीतल्या मैत्रिणीने या पुडीचा अर्क त्या जंतूच्या प्लेटवर घालून पाहिला. थोडा जंतू मेला. पण प्लेटवर तो ब्लीचनेही मरतो. पोटात काय होतं ते मला माहीत नाही. माहीत नाही, असंच मी म्हणते आहे."

"आभारी आहे," ते म्हणाले. "सांस्कृतिक दृष्टीने फार रंजक मुद्दा." आणि पुढचा हात वर होता तिकडे वळले.

बाहेर चहाच्या टेबलापाशी विभागप्रमुख माझ्याशी बोलले नाहीत. ती ज्युनियर डॉक्टर मुलगी मात्र आली आणि माझ्या हातात बिस्किटांची बशी देऊन शेजारी उभी राहिली. तिला बोलायचं होतं, पण तिचे साहेब समोरच होते. तिला मी दोष देत नाही. तिथे सगळ्यात वेगाने धावली होती ती तीच.

पुढच्या रविवारी विहारात पी नव्हती. त्या गोळ्यांची गोष्ट पसरली होती आणि लोक तिने आणलेल्या जेवणालाही हात लावायला बिचकत होते. बाबांनी काठी उचलली आणि आम्ही वॉटफर्डला तिच्या घरी गेलो. गोळ्यांनी आलेली तिच्या चेहऱ्याची सूज आता पुष्कळ उतरली होती, पाठ पुन्हा दुखायला लागली होती. तिने आमच्यासाठी भाताची पातळ पेज केली आणि बाबांच्या पुढे ठेवली, अगदी पांढरी, नुसती.

"यात काही घातलं नाही का?" बाबांनी विचारलं.

"भीती वाटते," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या ओट्यावरचं आलं उचललं, काठी टेबलाला टेकवली आणि स्वतःच सुरीने त्याचे काप करायला लागले. मिरची आहे का, तेही विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "त्या मोठ्या लोकांना तू सांगितलंस ना, माझी पूड चांगली होती म्हणून?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं. पण बरं वाटावं म्हणून दिलेल्या गोष्टींचा मला तोवर पुरता वीट आला होता.

"आभारी आहे म्हणाले," मी म्हटलं, "आणि दुसऱ्याकडे बघायला लागले."

पीने त्यांच्या भाषेत एक शब्द उच्चारला. त्याचा अर्थ मी विचारला नाही. फ्रीजमधून लाल मिरच्या काढून तिने त्या बाबांच्या पुढ्यात ठेवल्या.